साहेबांचा घास

आमच्या हॉलिवूडमध्ये कुणालाही विचारा, सिनेमा कुणी केला? दिग्दर्शक म्हणेल, मी. नट म्हणेल, हा काय प्रश्न झाला? निर्माता तोंडाने काही बोलणार नाही, नुसतं सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवरच्या स्वतःच्या नावाकडे बोट दाखवील. लेखकाला कुणी विचारतच नाही, म्हणून तो पीत बसतो. आणि जिने तो सगळा ढिगारा उपसून, कापून, सांधून त्यातून माणूस दीड तास खुर्चीत बसेल असं काहीतरी उभं केलं, ती बाई मागच्या फाटकातून बाहेर पडून ग्लेंडेलच्या बसची वाट बघत असते. पायांना सूज, हातात कागदी पिशवी.

तिचं नाव लिओटा हॅग्लंड. मी फॅनी पिंकस, त्याच इमारतीत तळघरात निगेटिव्ह कापायचे. एकदा सांगून टाकते, पुन्हा विचारू नका. संकलक कापतो ती कामाची प्रत. ती म्हणजे कच्ची शिलाई, उसवा, पुन्हा घाला, काही बिघडत नाही. सगळ्यांचं समाधान झालं की ती प्रत माझ्याकडे येते आणि तिच्याबरहुकूम मी खरी निगेटिव्ह कापते. तिथे चूक चालत नाही. माझी कात्री चालली की देवसुद्धा ते परत जोडू शकत नाही, आणि देव आमच्या स्टुडिओत फारसा येतही नव्हता.

लिओटा मिनेसोटाची. एकोणिसाव्या वर्षापर्यंत हातमोज्यांच्या कारखान्यात शिवण मारत होती. एकोणीसशे एकतीस साली इकडे आली तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं, स्टुडिओत पोरी हव्यात, बोटं नाजूक पाहिजेत. तिला वाटलं शिंपीकाम असेल. गेली तर समोर फिल्मची भेंडोळी. पांढरे सुती हातमोजे घालून तिने पहिला सांधा मारला आणि सत्तावीस वर्षं ती त्या खोलीतून हलली नाही. मोठमोठे लोक कलेवर भाषणं देत फिरत होते तेव्हा ही बया गळ्यात फिल्मच्या पट्ट्या अडकवून, दातात पेन्सिल धरून, दोन माणसांच्या बोलण्यातला फालतू श्वास शोधत बसलेली असायची. तिने कापलेलं कळायचं नाही, हीच तिची करामत. आणि कळायचं नाही म्हणून कौतुकही नाही. घ्या!

आमचे मोठे साहेब ऑगस्टस झेल्नर. त्यांची खोड अशी, की पूर्ण झालेला सिनेमा दाखवला की त्यातून काहीतरी काढल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. काढलं नाही तर आपण इथे कशाला बसलोय असा प्रश्न लोकांना पडेल, ही भीती. एकोणचाळीस साली लिओटाने त्यांच्यासाठी पहिला सिनेमा कापला. साहेबांनी त्यातला सगळ्यात सुंदर प्रसंग काढायला लावला. का? तर काहीतरी काढायचं होतं म्हणून. लिओटा दोन दिवस घरी रडत होती.

तिच्या नवऱ्याचं नाव ऑर्विल स्पूनर. तिने माहेरचंच नाव ठेवलं होतं, म्हणून स्टुडिओत बहुतेकांना हे दोघं नवरा-बायको आहेत हेच ठाऊक नव्हतं. हा ऑर्विल नट. म्हणजे, नट म्हणायचं आपलं. "साहेब, घोडा तयार आहे" आणि "ते तिकडे गेले" अशा दोन वाक्यांवर त्याने आयुष्य काढलं. दुसऱ्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "अगं, कुत्र्याला हाड टाकलं की तो भाकरीला तोंड लावत नाही. तू एक हाड ठेव की त्यांच्यासाठी."

तेव्हापासून लिओटा प्रत्येक सिनेमात मुद्दाम एक बावळट शॉट ठेवू लागली. माइकची सावली पडलेला, नटाची मिशी सुटलेला, असा. आम्ही त्याला म्हणायचो साहेबांचा घास. साहेब अंधारात चिरूट ओढत बसायचे आणि घास आला की गरजायचे, "थांबवा! हे काय आहे? काढा हे!" लिओटा मान खाली घालून म्हणायची, "बाई गं, माझ्या लक्षातच आलं नाही, साहेब." साहेब खूश. बाकीचा सिनेमा शाबूत. एकोणीस वर्षांत एकतीस सिनेमे, एकतीस घास.

आणि गंमत अशी, की साहेबांचा त्यावर लौकिक वाढत गेला. 'झेल्नरांची नजर' असा शब्दच पडला. एका क्लबाने त्यांना सोन्याची कात्री दिली. विद्यापीठात त्यांनी भाषण ठोकलं, विषय होता 'काय काढावं'. लिओटा त्या भाषणाला मागच्या रांगेत बसली होती. मी विचारलं, "काय म्हणाले गं?" म्हणाली, "माझेच सगळे घास एकामागून एक वाढले. छान वाटलं ऐकायला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! पण ती हसत होती. तिला सिनेमा वाचण्याशी मतलब, नावाशी नाही.

आता तिच्या घरातली गोष्ट सांगते. ऑर्विल आमच्याच स्टुडिओत छोटी कामं करायचा, त्यामुळे त्याचे शॉट येऊन पडायचे ते लिओटाच्याच टेबलावर. आणि ती ते कापायची. खुन्नस म्हणून नव्हे. तो असला की प्रसंग रेंगाळायचा, हे खरंच होतं. बिचारा "ते तिकडे गेले" असं म्हणताना एवढं काही म्हणून दाखवायला जायचा, की तोवर ते कुठल्याकुठे पोचलेले असायचे. स्वयंपाकघरात महिना-महिना तालीम करायचा. कधी टोपी काढून, कधी टोपी घालून. ती ओट्याशी उभी राहून ऐकायची, आणि पुढे त्याच वाक्यावर पेन्सिलीची फुली मारायची. चौदा वेळा मारली.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे, त्यामुळे हे संभाषण मला पाठ आहे.

"राहिलो का गं?"

"नाही रे."

"बरं केलंस. मटार वाढ."

बस्स, एवढंच. मटार डब्यातले, बटाटे कुस्करलेले, आणि तो एक शब्द वाकडा बोलायचा नाही. मी असते तर ताट भिंतीवर फेकलं असतं. पण त्याचं एक होतं. सिनेमा लागला की आम्ही तिघं ग्लेंडेलच्या थिएटरात शुक्रवारचा दुपारचा खेळ बघायला जायचो. स्टुडिओच्या झगमगाटी पहिल्या खेळाला आम्हाला कोण बोलावतोय? तर ऑर्विलची जागा जिथे असायला हवी होती, तो प्रसंग जवळ आला की तो हळूच उठायचा. "जरा पॉपकॉर्न आणतो." प्रसंग संपला की परत यायचा. मला पुष्कळ दिवस वाटायचं, त्याला बघवत नसेल. एकदा विचारलंच. तर म्हणाला, "तसं नाही गं फॅनी. मी शेजारी असलो की तिला त्या जागी श्वास घेता येत नाही." त्या दिवसापासून मी त्याच्या अभिनयाला नावं ठेवणं बंद केलं. मनातल्या मनात ठेवते, ते वेगळं.

अठ्ठावन साली एक घोड्यांचा सिनेमा आला. आमच्याकडे वर्षाला चार यायचे, त्यातलाच. ऑर्विल तेव्हा त्रेसष्टचा होता, आणि स्टुडिओने म्हाताऱ्या नटांची यादी मोडीत काढायची ठरवली होती. हे त्याचं शेवटचं काम. विहिरीजवळचा म्हातारा. नायक घोड्यावर बसून निघून जातो, म्हातारा त्याच्याकडे बघत उभा राहतो. वाक्य एकही नाही.

एके दिवशी लिओटाने मला तळघरातून वर बोलावलं. दार लावून घेतलं. तिच्या खोलीत ते खडखड करणारं छोट्या पडद्याचं यंत्र असायचं, त्यावर तिने एक पट्टी चढवली. म्हणाली, "फॅनी, हे बघ आणि सांग. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही आज."

घोडा धूळ उडवत जातो. ऑर्विल बघतो. निरोपाला हात वर करतो. आणि हात वर गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की तो पोरगा काही मागे वळून बघणार नाही. मग तो त्याच हाताने कान खाजवतो, जणू हात त्यासाठीच वर केला होता. अकरा सेकंद.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग अजून एकदा. माझं नाक वाहायला लागलं. मी म्हटलं, "मेल्याला एवढी वर्षं वाक्यं कशाला देत होते गं?"

"म्हणजे चांगला आहे?"

"चांगला काय विचारतेस! ठेव. याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

ती खुर्चीत बसली आणि हातमोजे काढून डोळे पुसले. म्हणाली, "या वेळी त्याने विचारलंच नाही. चित्रीकरण संपून दोन महिने झाले. रोज मटार वाढते, रोज वाट बघते, पण 'राहिलो का' म्हणून विचारत नाही. शेवटचं आहे ना. त्याला उत्तर ऐकायचं नाहीये."

"मग तूच सांग, राहिलायस म्हणून."

"आणि साहेबांनी काढला तर? नको बाई. छापील प्रत पडद्यावर लागेपर्यंत एक अक्षर नाही."

साहेबांसाठी तिने या वेळी घासही भारी ठेवला होता. नायिका रडत रडत म्हणते, "मी जन्मभर तुझी वाट बघेन," आणि तिच्या खांद्यामागे एक खेचर तोंड फाडून जांभई देतं. इतका ढळढळीत घास तिने एकोणीस वर्षांत ठेवला नव्हता. आंधळ्यालाही दिसेल.

पण साहेब त्या उन्हाळ्यात युरोपात जाऊन आले होते. कुठल्याशा महोत्सवात त्यांना कुणीतरी सांगितलं, की तुम्ही धंदेवाले नाही, कलावंत आहात. झालं! ऑगस्टच्या उकाड्यात गळ्यात मफलर आणि अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा.

खेळ सुरू झाला. मी मागे उभी होते. खेचराने जांभई दिली. साहेब ओरडले, "थांबवा!" दिवे लागले. लिओटाने पेन्सिल आधीच काढली होती.

"काढते, साहेब. माझ्या लक्षातच आलं नाही."

"काढतेस? काढतेस काय, पोरी?" शेहेचाळीस वर्षांच्या बाईला हे पोरी म्हणणार! "अगं, हे खेचर म्हणजे नियती आहे! माणूस प्रेमाच्या आणाभाका घेतोय आणि सृष्टी जांभई देतेय! याला हात लावाल तर खबरदार."

दिग्दर्शकाला चित्रीकरणाच्या वेळी ते खेचर दिसलंसुद्धा नव्हतं. तो ताडकन उठून म्हणाला, "अगदी! मला हेच म्हणायचं होतं." पण साहेबांचा हात अजून रिकामा होता, आणि रिकाम्या हाताने ते त्या खोलीतून आजवर बाहेर पडले नव्हते.

पुढे विहीर आली. धूळ, घोडा, ऑर्विलचा हात.

"हा कोण म्हातारा?" साहेब म्हणाले. "कान काय खाजवतोय? काढा याला. इथे लांबतंय."

लिओटाने एकोणीस वर्षांत साहेबांना उलटून उत्तर दिलं नव्हतं. ती उभी राहिली. "साहेब, तेवढा राहू द्या."

"का?"

"चांगला आहे."

"चांगलं काय ते मी ठरवतो, लिओटा. म्हणून तर सोन्याची कात्री माझ्या टेबलावर आहे, तुझ्या नाही."

दिग्दर्शक हसला. साहेबांच्या दोघी चिटणीस हसल्या. लिओटा खाली बसली. तिने एवढंच तोंड उघडायचं होतं, की या माणसाच्या पानातले एकतीस घास तिने वाढलेत. साहेबांची सगळी नजर जागच्या जागी उतरली असती. पण मग घासाची युक्ती कायमची मेली असती, आणि पुढचे सगळे सिनेमे त्या सोन्याच्या कात्रीखाली गेले असते. तिने पेन्सिल पुन्हा दातात धरली. माझ्या ओठाला मात्र चावून चावून रक्त आलं.

चौथ्या दिवशी रिळं माझ्या तळघरात आली. बरोबर साहेबांची चिठ्ठी. 'खेचर ठेवणे. विहिरीवरचा म्हातारा काढणे.' मी पाचवं रीळ लावलं. खेचर होतं. आणि पुढे विहीर, धूळ, घोडा. म्हाताराही होता.

मी पट्टी मोजली. फ्रेम मोजणं हा माझा धंदाच. अकरा सेकंदांचा शॉट आता अकरा सेकंदांहून जरा जास्त भरत होता. कान खाजवून झाल्यावर तो नुसताच उभा असलेल्या सहा फ्रेम उरल्या होत्या. पाव सेकंद. सत्तावीस वर्षांत लिओटाने अर्धी फ्रेम इकडची तिकडे केली नव्हती. मी वर फोन लावला.

"लिओटा, कागद म्हणतो म्हातारा काढा, आणि रिळात तो ठाण मांडून उभा आहे. मी काय करू?"

"तू कागद कापतेस की रीळ?"

"मी जन्मात कागद मानलेला नाही. पण ऐक, पकडली गेलीस तर? तुझी पेन्शन पक्की व्हायला आठ महिने राहिलेत. हाकलतील. पाटीवरून नाव खोडतील."

"नाव कोण वाचतं, फॅनी?"

"आणि शेवटी सहा फ्रेम जास्त आहेत. त्या तरी काढू?"

ती म्हणाली, "असू दे."

मी कात्री उचलली. आता म्हणाल, तुझी गं काय शहामत? तर माझी शहामत एवढीच, की मी दार लावून चिठ्ठी गिळली नाही, नुसती कचऱ्यात टाकली. आणि जसं रीळ होतं तशी निगेटिव्ह कापली. कापली ती कापली.

पंधरा दिवसांनी पहिली छापील प्रत साहेबांना दाखवायची होती. लिओटा पुढच्या रांगेत, मी दाराशी. पाचवं रीळ चढलं. विहीर आली. पडद्यावर, भिंतीएवढा, ऑर्विल स्पूनर उभा राहिला. हात वर केला.

साहेबांनी चिरूट तोंडातून काढला आणि त्याच्या टोकाने थेट ऑर्विलच्या छातीकडे बोट दाखवलं. "इथे," ते म्हणाले, "बरोबर इथे तो म्हातारा होता. आता बघा. कसं वाहतं! कुठे कापलंय ते कळतं का कुणाला?"

"छे!" दिग्दर्शक म्हणाला. "नखभर कळत नाही."

ऑर्विल कान खाजवत होता.

"सिनेमाने श्वास घेतला," साहेब म्हणाले. "मला इथे नेहमी थोडं रडू येतं. आता येतंय बघा." आणि खरंच काळा चष्मा वर करून त्यांनी डोळे टिपले. लिओटाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खोकल्याचा बहाणा करून बाहेर पळाले आणि जिन्यात बसून पोट धरून हसले, आणि मग हसता हसता रडले.

सिनेमा लागला. वर्तमानपत्रांनी खेचर डोक्यावर घेतलं. एकाने अर्धा रकाना जांभईवर लिहिला. साहेबांचा खेचराबरोबर फोटो आला, आणि दोघांतलं जास्त विचारी कोण दिसतं ते मी सांगत नाही. म्हाताऱ्याबद्दल कुणी ओळ लिहिली नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं ग्लेंडेलला गेलो. ऑर्विलने इस्त्रीचा कोट घातला होता. त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. थिएटर अर्धं रिकामं. खेचराला लोक खदखदून हसले, साहेबांना कळलं असतं तर हाय खाल्ली असती. मग नायकाने घोड्यावर खोगीर चढवलं, आणि ऑर्विल सवयीने उठला.

"जरा पॉपकॉर्न..."

लिओटाने त्याच्या कोटाचं टोक धरलं. "बस."

"अगं, आणतो ना, पटकन."

"बस म्हणते ना!"

तो घाबरला. तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणाला, "काय झालं? बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?" ती नुसती पडद्याकडे बोट दाखवतेय आणि हा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघतोय! मी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, तिकडे बघ!" मी ओरडले. मागच्या रांगेतून कुणीतरी आम्हाला गप्प केलं. तो वळला, तोवर पडद्यावर धूळ बसली होती आणि नायक पुढच्या गावात पोचला होता.

"काय होतं?" तो म्हणाला.

"तू," लिओटा म्हणाली.

तो खाली बसला. त्या काळी एका तिकिटात दिवसभर बसता यायचं, तर आम्ही बसून राहिलो. बातम्या झाल्या, उंदरा-मांजराचं कार्टून झालं, दुसरा कुठलातरी पाणबुडीचा सिनेमा झाला. पाणबुडी बुडाली की वाचली, मला विचाराल तर ठाऊक नाही. मीच उठून पॉपकॉर्न आणलं. त्याने ते मांडीवर धरून ठेवलं, एक दाणा खाल्ला नाही.

मग पुन्हा घोड्यांचा सिनेमा सुरू झाला. खेचर आलं, लोक हसले. नायकाने खोगीर चढवलं. ऑर्विलने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. विहीर आली, धूळ उडाली, त्याचा हात वर गेला. माझ्या पुढे एक जाडी बाई बसली होती, ती तिच्या मुलीला हळूच म्हणाली, "अगं बाई, बिचारा."

पडद्यावर कान खाजवून झाला. त्यानंतर तो पापणी लवेल एवढा वेळ नुसता उभा राहिला, आणि गेला.

ऑर्विल पडद्याकडेच बघत होता. तो म्हणाला, "शेवटी जरा जास्त ठेवलास. पाच-सहा फ्रेम."

"सहा."

"तू कधी ठेवत नाहीस."

"नाही ठेवत," लिओटा म्हणाली. "अकरा सेकंद सिनेमाचे होते. त्या सहा फ्रेम माझ्या."

"बरं केलंस," ऑर्विल म्हणाला.